चष्म्याचा खरा नंबर

ट्रेनिंग सेंटरचा फॉर्म मोबाइलवर आला तेव्हा मी सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये डबा खात बसले होते. नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं, आणि सगळ्यात खाली एक नवाच रकाना: चष्मा असल्यास नंबर लिहा, उजवा, डावा. उजवा हात भाजीनं बरबटलेला होता. डाव्या हाताच्या अंगठ्यानं मी दोन्हीकडे उणे चार टाकलं आणि फॉर्म पाठवून दिला. तोंडातला घास गिळायच्या आत सगळं उरकलं.

माझा नंबर उजव्या डोळ्याला साडेनऊ आणि डाव्याला अकरा आहे.

हा चार कुठून आला ते सांगते. बाबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. तिसरीत मला चष्मा लागला आणि दर वर्षी नंबर असा वाढत गेला की आई काचेची जाडी बघून देवापुढे हात जोडायची. मुलगी शिकली, वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून चिकटली, तरी आईच्या लेखी लग्नाच्या बाजारात मी म्हणजे जाड काचांची पोर. नागपूरकडची मंडळी बघायला आली की ती स्वयंपाकघराच्या दारात माझा चष्मा काढून पदराखाली घ्यायची. "नंबर विचारला तं चार सांग," असं बजावायची. चार का, तर दोन म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि पाच म्हटलं की पाहुणे उठून जातील. आमच्या ओळखीच्या चार घरांत हाच हिशेब चालायचा. माझं लग्न जमलं त्या दिवशी नवरा मुलगा आणि त्याचे मामा शेजारी शेजारी बसले होते. त्यातला नवरा कोण हे मला ट्रे खाली ठेवून आत येईपर्यंत कळलं नव्हतं.

लग्नानंतर आठवड्याभरातच चष्मा पलंगामागे पडला आणि मी फरशीवर रांगत तो शोधत होते, तेव्हा यांना खरा प्रकार समजला. चष्मा उचलून त्यांनी एकदा आरपार पाहिलं. "चारचा एवढा जाड येतो होय?" म्हणाले. बत्तीस वर्षं झाली, अजून पाहुण्यांसमोर "आमची घोर फसवणूक झालेली आहे" म्हणून सांगतात. त्यांना चिडवायला आवडतं आणि मला राग येतो. पण चार मात्र सुटला नाही. ऑफिसात कोणी विचारलं, चार. नव्या शेजारणीनं विचारलं, चार. फॉर्मवरही बोट आपोआप तिथेच गेलं.

शिवाय माझ्यातली इंजिनिअर मधे पडलीच. ट्रेनिंग व्हीआर हेडसेटवर होणार होतं. हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा एक डबा, आत दोन छोटे पडदे आणि त्यांच्यापुढे दोन भिंगं. तो घातला की माणूस खोलीत उभा असून यार्डात उभा असल्यासारखं बघतो. मागच्या बॅचमध्ये कोणाच्या तरी चष्म्यानं त्या भिंगांवर ओरखडे पडले होते, म्हणून आता चष्मा घालून डोकं आत घालायला मनाई झाली होती. ज्याचा जो नंबर असेल तेवढ्या काचा, चुंबकानं चिकटणाऱ्या गोल चकत्यांमध्ये, सेंटरच बसवून देणार होतं. मी म्हटलं, पडदा डोळ्यापासून चार बोटांवर. जवळचं तर मला चष्म्याशिवायही लख्ख दिसतं, सुईत दोरा मी चष्मा काढूनच ओवते. मग चार काय आणि नऊ काय. फॉर्म परत मागवून दुरुस्त करायची गरजच नाही, असं मी माझं समाधान करून घेतलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला शाळेपासून पाठ आहे. तिचा कधी उपयोग झाला नाही.

हे ट्रेनिंग कशाचं होतं ते सांगायला हवं, नाहीतर माझी धडधड कोणाला कळायची नाही. माझं काम परमिट द्यायचं, म्हणजे लाइनवर चढायची लेखी परवानगी. लाइनवर दुरुस्ती करायची असली की आधी वीज तोडायची, मग आयसोलेटर उघडायचा. आयसोलेटर म्हणजे उंच खांबांवरचा मोठा स्विच, तीन तारांसाठी तीन पाती असलेला. खालून हँडल फिरवलं की तिन्ही पाती एकदम उघडायला हवीत. पण यंत्र जुनं, कुठे गंज, कुठे कावळ्याचं घरटं. कधी एखादं पातं अर्ध्यावर अडकून राहतं. कंट्रोल रूममधला दिवा सांगतो की उघडलं, आणि वर एक तार जिवंत राहू शकते. म्हणून परमिटच्या वहीत एक ओळ छापलेली असते, तिन्ही पाती उघडी असल्याचे मी स्वतः पाहिले, आणि तिच्याखाली माझी सही. ती सही झाली की लाइनमन पट्टा बांधतो आणि वर चढतो.

आमचा लाइनमन अकरा वर्षं माझ्याच सहीवर चढत होता. सीहोरकडचा, पन्नाशीचा, तंबाखू सोडल्यापासून खिशात बडीशेप ठेवणारा. त्याच्या पोटापाण्याशी माझं काही घेणंदेणं नव्हतं. त्याच्या जिवाशी मात्र होतं, आणि हे मी रोज विसरून रोज सही करत होते.

ट्रेनिंगच्या दिवशी आम्ही तेरा जण होतो. शिकवायला इंदूरची एक मॅडम, माझ्या मुलीच्या वयाची, बोलायला गोड आणि कामाला चोख. माझी पाळी आली. तिनं माझ्या चकत्या बसवल्या, मी चष्मा काढून हातात धरला, तिनं डबा डोक्यावर चढवून मागचा पट्टा आवळला. समोर यार्ड उभं राहिलं, पण ते पाण्यात विरघळलेलं. खांब होते, तारा होत्या, कशालाच कडा नव्हती. आता सवय होईल, मग होईल, असं म्हणत मी पावलं टाकली. हातातल्या रिमोटनं हँडल फिरवलं. वर पाहिलं. तीन राखाडी फराटे दिसले. तिन्ही सारखेच वाटले. खाली वही आली. मी सही केली.

पिवळी टोपी घातलेला एक चित्रातला माणूस शिडी चढायला लागला. त्याला चेहरा नव्हता, निदान मला दिसला नाही. मधल्या तारेपाशी त्याचा हात गेला आणि सगळं पांढरं झालं. कानात एक घरघर आली. पांढरं ओसरलं तेव्हा तो पट्ट्याला लोंबकळत होता आणि हळूहळू स्वतःभोवती फिरत होता. खाली लाल अक्षरं आली. अक्षरं मोठी होती, तेवढी वाचता आली. घातक चूक.

मी डबा ओढून काढला.  चष्मा नाकावर बसेना.

"मैडम, बीच वाला तो आधे में अटका था," ती मुलगी म्हणाली. "दिखा नहीं आपको?"

"नहीं दिखा."

तिनं मोबाइलमधला माझा फॉर्म काढला. "नंबर तो आपका चार ही है न? लेंस तो वही लगे हैं।"

बाकीचे बारा जण बघत होते. त्यात दोघं माझ्यानंतर दहा वर्षांनी लागलेले, माझ्या हाताखाली शिकलेले. तेव्हा खरं बोलायला फार तर पाच शब्द लागले असते. मी म्हटलं, "हाँ, चार ही है। शायद थोड़ा बढ़ गया होगा।"

तिची नजर माझ्या नाकावरच्या काचांवर गेली. बाटलीच्या बुडाएवढ्या काचा आणि चार नंबर. तिनं पुढच्या माणसाला बोलावलं. जेवणाच्या सुट्टीत मात्र मला बाजूला घेऊन तिनं दोन रिकाम्या चकत्या हातात ठेवल्या. "मैडम, हमारे यहाँ से मँगवाएँगे तो महीना लगेगा। आप अपने चश्मे वाले से बनवा लीजिए, जो सही नंबर हो।" मी माझं जवळ-लांबचं तत्त्वज्ञान तिला ऐकवलं. तिनं शांतपणे सांगितलं की पडदा जवळ असला तरी पुढच्या भिंगामुळे डोळ्याला तो दोन मीटर लांब असल्यासारखाच बघावा लागतो, त्यामुळे लांबचा पूर्ण नंबर लागतो. भिंगांचं हे गणित मी कॉलेजात सोडवलेलं होतं. मान खाली घालून चकत्या पर्समध्ये टाकल्या. पुढच्या शुक्रवारी दुसरी संधी होती. त्यातही नापास झालं तर डोळ्यांची सरकारी तपासणी होईपर्यंत यार्डातलं काम बंद.

घरी आल्यावर मी कुकर तीन शिट्ट्यांऐवजी सहा होईपर्यंत तशीच उभी राहिले. डोळ्यांपुढून तो लोंबकळणारा माणूस जाईना. यांना सांगितलं. मला वाटलं आता फसवणुकीवरून काहीतरी येणार. ते म्हणाले, "नंबर चुकीचा होता एवढंच ना? मग बरोबर करून घे." एवढं सोपं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, कारण एक गोष्ट मी यांनाही सांगितली नव्हती. डबा डोक्यावर असताना मी एकदा उजवा डोळा मिटून बघितलं होतं. डाव्या डोळ्याला खांब नुसते धूसर नव्हते. मध्येच वाकलेले होते.

जवाहर चौकातले चष्मेवाले चाचा मला तिसरीपासून ओळखतात. आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, दुकान मुलगा बघतो, पण मला तपासायला ते स्वतःच उठतात. जगात माझा खरा नंबर ठाऊक असलेली तीन माणसं, आई, हे आणि चाचा. चकत्या बघून ते हसले. "ये क्या खिलौना ले आई बिटिया?"

मी सांगितलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि नाकावर ती जड फ्रेम चढवली. उजवा डोळा पाच मिनिटांत झाला, साडेनऊच. मग डावा. एक काच घाल, दुसरी काढ, "अब? अब कैसा?" अकरा, साडेअकरा, बारा, मग तिरप्या काचा. मी "जरा बरं" म्हणत राहिले, कारण मला त्यांना नाराज करायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला ऐकवायचं होतं. त्यांनी काचा खाली ठेवल्या.

"वो सामने शटर देखो। दाहिनी आँख बंद करके। लकीरें सीधी हैं?"

समोरचं कापडाचं दुकान बंद होतं. शटरच्या आडव्या पट्ट्या मधोमध खाली झुकलेल्या दिसत होत्या, आणि झुकल्या होत्या तिथे एक मळकट डाग होता. मी डोकं हलवलं. डागही माझ्याबरोबर हलला.

"पुराना शटर है चाचा, बीच में से दबा होगा," मी म्हणाले.

"बिटिया," ते म्हणाले, "शटर नया है। दिवाली पे लगा है।"

 चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा. हे चष्म्याचं काम नाही, डोळ्याच्या पडद्याचं आहे, पडद्याच्या डॉक्टरला दाखव आणि उशीर करू नकोस, असं त्यांनी दोनदा सांगितलं. चकत्या मात्र त्यांनी करून दिल्या. मुलाला हात लावू दिला नाही. काचा घासताना म्हणाले, "दोनों आँख खुली हों तो अच्छी वाली बुरी वाली को छुपा लेती है। इसीलिए पता नहीं चलता।"

डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवशीही जाता आलं असतं. मी फोन करून सोमवारची वेळ घेतली, कारण परीक्षा शुक्रवारी होती. हे मी कोणाला सांगितलं नाही. आत्ता पहिल्यांदाच लिहिते आहे.

त्या डोळ्याचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, उगीच टांगून ठेवायला नको. डोळा गेला नाही. फार जास्त नंबर असलेल्यांना कधी कधी होतं तसं पडद्याच्या मधोमध बिघडलं होतं. डोळ्यात सुया टोचून घेतल्या, अजून घेते. त्या डोळ्यानं वाचता येत नाही, पण अंधार नाही. उजवा शाबूत आहे आणि मी रोज सकाळी स्नानगृहातल्या फरशीच्या रेघांवर त्याची परीक्षा घेते. पण माझी भीती डोळा जाण्याची नव्हतीच, किंवा तेवढीच नव्हती.

आई आमच्याकडेच असते. एक्याऐंशीची आहे, कान तिखट आहेत. डॉक्टरांची वेळ घेताना मी फोनवर डोळ्याचं सांगितलं, ते तिनं ऐकलं होतं. मी तिच्या पायांना तेल लावत होते तेव्हा हळूच म्हणाली, "कोणाले सांगू नको हो. पाच वर्षं तं राहिली रिटायर व्हायले. उगाच काहून बोंब करतं?"

"आणि कोणी मेलं तर?"

"असं अभद्र काहून बोलून राहिली तू? आजपर्यंत मेलं का कोणी?"

मला तिचा असा राग आला की तेलाची वाटी आपटली.  तिच्या जगात मुलीचा दोष झाकणं हीच माया होती, आणि त्या मायेवर माझं लग्न झालं, संसार झाला. तिला काय म्हणणार? मी फरशीवरचं तेल पुसत बसले.

शुक्रवारी मी पास झाले.

चाचांच्या काचांनी यार्ड झळकलं. उजव्या डोळ्यानं मला कावळ्याच्या घरट्यातल्या काड्यासुद्धा दिसल्या. पण पास मी त्या काचांमुळे झाले असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. प्रसंग तोच होता. अडकलेलं पातं मधलंच असणार हे मला वर बघण्याआधी ठाऊक होतं. आमच्या वार्षिक तपासणीतही हेच चालतं. दवाखान्याच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मी लागले तेव्हापासून तोच आहे, शेवटची ओळ अर्ध्या ऑफिसला पाठ आहे, आणि आम्ही सगळे ती दर वर्षी डोळे बारीक करून अडखळत वाचतो, खरी वाटावी म्हणून. मी हँडल पुन्हा फिरवलं, मधलं पातं उघडलं, सही केली. पिवळी टोपीवाला चढला, काम करून उतरला. त्यानं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. या वेळी त्याला चेहरा होता. गुळगुळीत, हसरा, कोणाचाच नसलेला.

"बधाई हो मैडम," इंदूरची मॅडम म्हणाली आणि तिनं प्रिंट काढून दिला. माझ्या नावापुढे पात्र असं लिहिलं होतं. घरी येताना हबीबगंजच्या पुलावर ट्रॅफिक तुंबला होता. पर्समधला तो कागद मी रिक्षात चार वेळा काढून बघितला. आता कोणी विचारणार नव्हतं. मी नापास झाले असते तर निदान ठरवणारं दुसरं कोणी असतं.

रात्री जेवताना यांनी मिठाई आणू का विचारलं. मी नको म्हटलं.

शनिवारी दिवसपाळी होती आणि सकाळी अकराला लाइनचं ठरलेलं काम. एप्रिल महिना, खडीवर पाय ठेवला की बुटातून चटका बसायचा. वीज तोडली, आयसोलेटरचं हँडल फिरवून झालं. आमचा लाइनमन खाली पट्टा आवळत उभा होता आणि बोलत होता. घरी कूलरची मोटर जळाली, कारागीर तीन दिवस झाले येत नाही, असं काहीतरी. मी परमिटची वही काखेत धरून वर बघितलं.

दोन्ही डोळ्यांनी तिन्ही पाती उघडी. डावा मिटला, उजव्यानं तिन्ही उघडी. मग उजवा मिटला. मधला खांब कमरेत वाकला आणि त्याच्यावर काहीच नव्हतं. पातं उघडं नाही, बंद नाही, तिथे पातंच नव्हतं. आभाळाचा एक मळका तुकडा होता.

मी पुन्हा दोन्ही डोळे उघडले. तिन्ही दिसली. उजवा चांगला आहे, मी मनात म्हटलं. उजव्याला दिसतंय. कागदावर पात्र आहे. सोमवारी डॉक्टर बघणारच आहेत. ही एक सही. पेनचं टोपण काढलं. घामानं चष्मा घसरत होता, तो वर सरकवला, पुन्हा वर बघितलं, आणि मला कळेना की मी जे बघते आहे ते दिसतंय की नुसतं माहीत आहे. काल त्या डब्यात मला माहीत होतं. आज कोणीच मला आधी सांगितलेलं नव्हतं.

तो कूलरबद्दलच बोलत होता. आणि माझ्या लक्षात आलं की तो वर बघत नाहीये. एकदाही नाही. त्याचे डोळे माझ्या हातातल्या पेनवर होते. मी मागचे दिवस आठवले, मागची वर्षं आठवली. तो कधीच वर बघत नसे. बघायचं काम माझं होतं. माझी सही झाली की तो बडीशेप तोंडात टाकायचा आणि चढायचा.

त्यानं बडीशेपेची पुडी काढली होती.

"रुको," मी म्हणाले. "साइन नहीं हुआ अभी।"

"हाँ हाँ मैडम, आराम से।"

मला भीती वाटत होती. नोकरीची वाटत होती, त्या बारा जणांची वाटत होती, तो आता माझ्याकडे कसा बघेल याची सगळ्यात जास्त वाटत होती.  मी पेनचं टोपण लावलं आणि त्याला सगळं सांगितलं. डाव्या डोळ्याचं सांगितलं. शटरचं सांगितलं. काल पास कशी झाले तेही सांगितलं. म्हटलं, मी आज सही करणार नाही, दुसऱ्या इंजिनिअरला बोलावते, तो येऊन बघेल, तोपर्यंत तू चढू नकोस.

तो हसला आधी. मी गंमत करत नाही हे समजल्यावर त्यानं पुडी खिशात परत ठेवली. मग त्यानं मान वर केली. उन्हाला हात आडवा धरून त्यानं पहिलं पातं बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. परत पहिल्यावर आला. फार वेळ बघत राहिला. नव्यानं लागलेल्या माणसासारखा.

"खुले हैं," शेवटी म्हणाला. "तीनों।"

पण शिडीकडे गेला नाही. मी फोन करून दुसऱ्या इंजिनिअरला बोलावलं. यायला तासभर लागेल म्हणाला. लाइन बंदच राहणार होती, वरून फोन येणार होते. आम्ही दोघं खडीत उभे होतो. शेजारच्या लाइनच्या तारांची गुणगुण चालू होती.

"कब से, मैडम?" त्यानं विचारलं.

मी आठवून बघितलं. या उन्हाळ्यापासून? दिवाळीपासून? त्याच्याही आधीपासून? चांगला डोळा झाकत होता तोवर मला काय कळणार होतं? मला खरंच माहीत नव्हतं आणि मी तेच सांगितलं. "पता नहीं।"

 बुटाच्या टोकानं त्यानं एक दगड उलटा केला.

"पिछले महीने मेरा छोटा भाई चढ़ा था," तो म्हणाला. "मैं छुट्टी पे था। आपके ही परमिट पे चढ़ा था।"

"हो," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, हिंदी सुचली नाही.

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला झेलता आला असता. त्यानं कमरेचा पट्टा सोडला, गुंडाळला, शिडीच्या पायाशी ठेवला आणि कंट्रोल रूमच्या भिंतीच्या सावलीत जाऊन उभा राहिला. खिशातून मोबाइल काढून नंबर लावला आणि कानाला धरला. पलीकडून उचलायला वेळ लागत होता. 

"कहाँ है तू?" तो म्हणाला. "नहीं नहीं, काम कुछ नहीं है। बस बता, कहाँ है।"